पेरभर माप

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या काठी एक गाव आहे. वरच्या अंगाला माडापोफळीच्या बागांत चिऱ्याच्या घरांची आळी आहे. खाली, जिथं उधाणाचं पाणी अंगणापर्यंत येतं तिथं, भोईवाडी आणि तिला लागून मोहल्ला. नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडे ओहोटीला एक लांबरुंद पुळण उघडी पडते. त्या पुळणीच्या वाळूत तिसऱ्या नावाचे शिंपले, मुखाजवळच्या खडकांवर कालवं आणि काठच्या चिपीच्या झाडांच्या मुळांत खेकडे. वाडीतल्या आणि मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांतली पोरं यांच्यावर वाढली.

पारू लग्न होऊन भोईवाडीत आली तेव्हा सोळा वर्षांची होती. तिचं माहेर आत, डोंगराकडे. तिला खाडी ठाऊक नव्हती. सासूनं तिला आठवड्याच्या आत पुळणीवर नेलं आणि शिकवायला सुरुवात केली.

पहिला धडा वेळेचा. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे नवाच्या सुमाराला पाणी ओसरलेलं. अष्टमी असेल तर सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढतंही खूप आणि ओसरतंही खूप, तेव्हा सगळ्यांत लांबची वाळू उघडी पडते. पारू शाळेत गेली नव्हती, पण महिन्याभरात ती चालता चालता हा हिशोब करू लागली.

दुसरा धडा नजरेचा. ओल्या वाळूवर जवळजवळ दोन बारीक भोकं दिसली, की खाली तिसरी आहे असं समजायचं. हात घालायच्या आधी पायाच्या अंगठ्यानं चाचपायचं.

तिसरा धडा मापाचा. तर्जनीच्या टोकाच्या पेराला तिसरी लावून पाहायची. पेराहून लहान भरली, तर जिथून काढली तिथंच वाळूत दाबायची.

"एवढीशी तर आहे, आमटीत जाईल की," पारू एकदा म्हणाली.

"आमटीत गेली तर संपली," सासू म्हणाली. "वाळूत राहिली तर पुढल्या साली हिची पोरं तुझ्या पोरांना मिळतील."

चौथा धडा सगळ्यांत अवघड होता, कारण तो पोटाला चिमटा काढणारा होता. उघडलेल्या तिसरीतून दुधासारखा पांढरा रस सुटायला लागला, की विक्रीची पाटी खुंटीला लावायची. त्या दिवसांत घरात अगदीच काही नसलं, तर चार मुठी काढायच्या. पारूनं कारण विचारलं, तेव्हा सासूनं तिच्याकडे जराशा नवलानं पाहिलं. "पोटुशी आहे ती," म्हणाली.

आणि एक शेवटची गोष्ट. पुळणीच्या पलीकडे, गुडघाभर चिखलाचा ओहोळ ओलांडला की चिपीच्या आडोशाला वाळूची एक अरुंद पट्टी होती. मोठ्या उधाणाच्या ओहोटीलाच ती दिसायची. तिथं भरपूर तिसऱ्या असायच्या, हाताएवढ्या वाळूत ओंजळभर. त्या पट्टीला कोणी हात लावायचा नाही. ती कोणत्याही घराची नव्हती, खाडीची होती.

पारूनं हे सगळं मनापासून उचललं. पुढे मोहल्ल्यातली हलिमा तिच्याबरोबर येऊ लागली. दोघी जोडीनं पाण्यात उतरत, जोडीनं परतत. निम्म्या तिसऱ्या घरी, निम्म्या विकायला. घरच्या तिसऱ्या समुद्राच्या पाण्यात ठेवून त्यांना वाळू ओकायला लावायची, मग विळीवर उघडायच्या, मांसाची शिंप ठेवायची आणि रिकामी टाकायची. ओल्या नारळाचं वाटप, दोन आमसुलं आणि तांदळाची भाकरी. सणाच्या जेवणालाही मागे सारेल अशी ती चव होती, पण सणाला तिसऱ्या कोणी करत नसे. ते गरिबाचं खाणं होतं.

विकायला गेलं की हे नीट कळायचं. वरच्या आळीत मासे खाणारी घरं बरीच होती. सुरमई-पापलेटवाली आली, की तिला पुढच्या पडवीत बोलावत आणि भाव करत. पारू आली, की मागच्या दारी. "जरा हळू बोल गो," म्हणत वाटा घेत आणि टोपलीवर फडकं टाकत. आवडीनं खात, पण खाल्लं असं सांगत नसत. काही घरांत मासळीच शिजत नव्हती. त्यांतल्या एक वयस्क काकू पारूला ओट्यावर बसवून पाणी देत आणि "आज किती मिळाल्या?" म्हणून विचारत. पारूला त्या घराचं कधी वाईट वाटलं नाही.

एकदा हलिमाचा नवा जावई आला. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे, त्यांना समुद्रातलं सगळं चालतं. हा जावई उत्तरेकडच्या हनफी घरातला, त्याच्याकडे मासे चालत पण शिंपल्याचं काही खात नसत. हलिमानं हौसेनं केलेलं तिसऱ्यांचं कालवण पुढे आलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "अम्मी, हे आमच्याकडे चालत नाही. मला डाळ द्या, पण तुम्ही सगळे माझ्यासमोर बसून खा." हलिमाला आधी चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी पुळणीवर तिनं पारूला सांगितलं, तेव्हा पारू म्हणाली, "पोरगा गुणाचा आहे. नको म्हणणं वेगळं, शी म्हणणं वेगळं."

ही गोष्ट तिच्या तोंडून इतक्या ठामपणे निघाली, कारण 'शी' तिच्या स्वतःच्या घरात शिरलं होतं.

तिचा मुलगा दत्ताराम लहानपणी तिच्या मागे मागे पुळणीवर यायचा. भोकं ओळखायला शिकला, भरतीचा हिशोब शिकला. मग तो गावाबाहेरच्या हायस्कुलात गेला. एका सोमवारी बाकावरच्या मुलानं त्याच्या हाताचा वास घेतला आणि वर्गभर ओरडून सांगितलं, की हा शिंपले खाणारा. दत्तारामनं घरी येऊन राखेनं हात घासले. घरामागे रिकाम्या शिंपांचा ढीग असायचा, वर्षाअखेरीस चुनेवाला तो घेऊन जायचा. त्या ढिगावर त्यानं झावळ्या ओढल्या. रविवारी आई पाटी घेऊन निघाली, तेव्हा तो म्हणाला, "आये, मी नाही येणार. आणि माझ्या डब्यात हे देऊ नको."

पारूनं सक्ती केली नाही. मुलानं शिकावं, साहेबाच्या हाताखाली काम करावं, असं तिलाही वाटत होतं. त्यामुळे पेराचं माप, दुधाचे दिवस आणि ओहोळापलीकडची पट्टी हे धडे दत्तारामपर्यंत पोचलेच नाहीत. वाडीतल्या बाकी पोरांचंही तसंच झालं. आईबापांच्या या खाण्याची त्यांना लाज वाटे, आणि ज्याची लाज वाटते त्याबद्दल कोण चार प्रश्न विचारतो?

दत्ताराम मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. १९८२ चा संप झाला, गिरणी पुन्हा धड सुरू झाली नाही. पोटासाठी तो दादरच्या एका खानावळीत भांड्यांवर लागला आणि हळूहळू भटारखान्यात आला. तिथं त्यानं पाहिलं, की पँट-शर्टातली माणसं रांगेत उभी राहून तिसऱ्यांचं सुकं मागतात. शिंपा चोखून खातात, बोटं चाटतात आणि वर पैसे मोजतात. ज्या पदार्थासाठी त्यानं राखेनं हात घासले होते, तो इथं फळ्यावर खडूनं ठळक लिहिलेला होता. त्या रात्री तो कितीतरी वेळ जागा राहिला.

१९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळुरूपर्यंत पूर्ण धावू लागली. किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले. दत्ताराम गावी परतला. घराच्या पडवीत त्यानं चार टेबलं मांडली आणि पाटी लावली: घरगुती जेवण, तिसऱ्या, कालवं, खेकडे. पारूकाकी, आता सगळे तिला काकी म्हणत, पदर खोचून चुलीपाशी उभी राहिली. पाहुणे आत येऊन तिच्या पाया पडत, पाककृती विचारत. वरच्या आळीतली माणसंही पुढच्या दारानं येऊन जेवू लागली. एका डॉक्टरीणबाईंनी जेवताना सांगितलं, की तिसऱ्यांत लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व भरपूर असतं. काकीनं ते कौतुकानं ऐकलं. आयुष्यभर मागच्या दारी उभ्या राहिलेल्या बाईला हा मान हवासा वाटला, यात नवल नाही. त्या काळात ती खरोखर सुखी होती.

पण मागणी वाढली. गावात आणखी दहा ठिकाणी पाट्या लागल्या. मग शहराकडचे दलाल टेम्पो घेऊन जेटीपर्यंत येऊ लागले. ते वाट्यानं घेत नसत, गोणीनं घेत. वाडीतली जी पोरं कधी पुळणीवर फिरकली नव्हती, ती घमेली आणि फावडी घेऊन उतरली. फावड्यानं वाळू उपसायची, चाळणीत टाकायची, चाळणीवर राहील ते सगळं गोणीत. लहानमोठं पाहायला कोणाला वेळ नव्हता. दुधाच्या दिवसांत तर तिसऱ्या भरलेल्या असत, वजन चांगलं येई, म्हणून तेव्हा उपसा दुप्पट.

काकीनं एकदा एका पोराच्या घमेल्यात हात घातला आणि मूठभर बारीक तिसऱ्या बाहेर काढल्या. "या परत टाक, बाबा. अजून पेरभरही नाहीत."

"काकी, मी टाकल्या तर दुसरा उचलेल," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

ती दत्तारामकडे गेली. तो हिशोबाच्या वहीत होता. "आये, इतकी वर्षं आपल्याला कोणी विचारलं नाही. आता देव देतोय तर घेऊ दे की चार पैसे सगळ्यांना. खाडी काय संपणार आहे?"

"संपते," काकी म्हणाली.

पण ती कशी संपते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि सांगत बसायला तिलाही तेव्हा शब्द सापडले नाहीत. ती आणि हलिमा दोघी पूर्वीसारख्याच पुळणीवर जात राहिल्या, लहान तिसऱ्या परत दाबत राहिल्या. पोरं हसत. "आजीबाई पेरणी करतायत," म्हणत.

काही वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात पोरांना अर्धं घमेलं भरायला सबंध ओहोटी लागली. पुढच्या हिवाळ्यात फावड्याला नुसत्या रिकाम्या शिंपा लागू लागल्या. टेम्पो दुसऱ्या खाडीकडे वळले. दत्तारामच्या पाटीवर तिसऱ्या लिहिलेल्या होत्या, पण तो त्या दुसऱ्या तालुक्यातून बर्फात घालून आणत होता. गावात कारणं शोधणं सुरू झालं. कोणी म्हणाले पाऊस फार झाला, कोणी म्हणाले वर नदीत रेती काढतात म्हणून. कोणी म्हणाले खाडीवरच्या देवाचा नारळ चुकला.

शेवटी ग्रामपंचायतीनं रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एका सरांना बोलावलं. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुळणीत उतरले. मीटरभराची चौकट वाळूवर ठेवायची, आतली वाळू खणायची, चाळायची, मोजायची. दहा-बारा ठिकाणी त्यांनी असं केलं. कुठं एक जिवंत तिसरी, कुठं शून्य. त्यांनी मान हलवली.

काकी काठावर बसून पाहत होती. तिचे गुडघे आता साथ देत नव्हते. ती म्हणाली, "साहेब, उद्या अमावास्या. ओहोटीला या. हलिमा तुम्हाला ओहोळापलीकडे नेईल."

दुसऱ्या दिवशी हलिमा पुढे, सर मागे आणि त्यांच्यामागे वाडीतली पोरं, असे सगळे चिखल तुडवत चिपीच्या आडोशाला गेले. पोरांनी ही जागा कधी पाहिली नव्हती. सरांनी चौकट ठेवली आणि वाळू चाळली. चाळणीत तिसऱ्या होत्या: नखाएवढ्या, पेराएवढ्या, आणि जुन्या जाड पाठीच्या, मुठीत मावणार नाहीत अशा. सर बराच वेळ मोजत बसले. मग म्हणाले, "हे तुमचं बियाणं आहे. कोणी राखलं हे?"

हलिमानं काठाकडे बोट केलं.

त्या संध्याकाळी दत्तारामच्या पडवीत बैठक झाली. सरांनी आधी जगातल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये कालवं इतकी स्वस्त होती, की ती गरीब वस्त्यांची ओळख झाली होती. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीतलं एक पात्रही गरिबी आणि कालवं जोडीनं राहतात असं बोलून दाखवतं. मग रेल्वे आली, मागणी वाढली, कालवांच्या जागा खरवडल्या गेल्या आणि तीच कालवं श्रीमंतांच्या मेजवानीला जाऊन बसली. न्यूयॉर्कच्या बंदरात तर रस्त्यावरच्या गाड्यांवर कालवं विकत. त्या शहरानं ती खाल्लीही बेसुमार आणि आपलं सांडपाणीही त्यांच्याच अंगावर सोडलं. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, पाण्यात जे असेल ते त्याच्यात येतं. लोक आजारी पडू लागले आणि १९२७ साली तिथली कालवं काढण्याची शेवटची जागाही बंद झाली.

"म्हणजे सगळीकडे असंच होतं," दत्ताराम म्हणाला.

"सगळीकडे नाही," सर म्हणाले. "अमेरिकेतच मेन नावाचं राज्य आहे. तिथं लॉब्स्टर मिळतो, आपल्या शेवंडीचा लांबचा भाऊ. तोही तिकडे एके काळी गरिबाचंच खाणं होता, आज महाग आहे. पण तिथल्या प्रत्येक होडीवर एक धातूची मापपट्टी असते. मापात न बसणारा लॉब्स्टर परत पाण्यात. अंड्यांची मादी मिळाली, तर तिच्या शेपटीला एक खाच पाडतात आणि सोडून देतात. पुढे ती दुसऱ्याच्या पिंजऱ्यात आली, की खाच पाहून तोही सोडतो."

काकीनं मान वर केली. "पोटुशी म्हणून?"

"हो, पोटुशी म्हणून."

"त्यांच्या सासवा शहाण्या असतील," काकी म्हणाली, आणि पडवीत बऱ्याच दिवसांनी हसू उमटलं.

मग सरांनी केरळचं उदाहरण दिलं. कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचा खाजणी तलाव आहे. तिथल्या तिसऱ्या परदेशात जाऊ लागल्या, उपसा वाढत वाढत १९९१ च्या सुमारास वर्षाला दहा हजार टनांपर्यंत गेला आणि दोनच वर्षांत निम्म्यावर घसरला. तेव्हा मच्छीमार, सरकार आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी हे प्रजननाचे महिने पूर्ण बंद. यंत्रानं उपसा नाही. जाळ्याचा डोळा एवढा मोठा, की पिल्लं खालून निसटावीत. हे नियम तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाळले. २०१४ साली त्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात असं पहिलंच.

"तीन नियम," सर बोटं मोजत म्हणाले. "लहान काढू नका, विणीच्या दिवसांत काढू नका, थोडी जागा राखून ठेवा. तुमच्या गावात हे तिन्ही आधीपासून होते. मला इथं नवीन काही सांगायला उरलेलं नाही."

पडवीत कोणी बोललं नाही. दत्ताराम उठला आणि आईसमोर जमिनीवर बसला.

"आये, हे तू मला का नाही सांगितलंस?"

काकीच्या आवाजात राग नव्हता. "सांगितलं असतं रे. पण तुला या खाण्याची लाज वाटत होती, तेव्हा तू पुळणीवर यायचा थांबलास. मग त्याचा भाव आला, तेव्हा तुला वहीतून वेळ नव्हता. पुळणीवर उभं राहून सांगायची गोष्ट घरात बसून कशी सांगू?"

दत्तारामनं खाली पाहिलं. त्याला राखेनं घासलेले हात आठवले असतील. तो म्हणाला, "मी शिंपांच्या ढिगावर झावळ्या ओढल्या, तेव्हा तुझं सगळं शिकवणंच झाकून टाकलं."

त्या रात्री ठराव झाला. दोन वर्षं पुळणीवर विक्रीसाठी कोणी उतरायचं नाही. नंतर फावडं बंद, हातानंच काढायच्या. पेराहून लहान तिसरी कोणाच्या पाटीत सापडली, तर त्या दिवसाची सगळी पाटी परत पाण्यात. दूध सुटायचे महिने कोणते, हे हलिमा आणि काकी सांगतील आणि सर तपासून पाहतील. ओहोळापलीकडची पट्टी पूर्वीसारखीच खाडीची. आणि नदीत रेती काढणाऱ्यांबद्दल ग्रामपंचायत लेखी तक्रार करेल, कारण गावानं आपलं घर सावरलं तरी वरून वाळूच नाहीशी झाली तर तिसऱ्या राहणार कुठं?

ठराव करणं सोपं होतं, पाळणं जड गेलं. गिऱ्हाईक येऊन पाटीकडे बोट दाखवी. दत्ताराम सांगे, "सध्या तिसऱ्या मिळणार नाहीत, बंद आहेत. बांगडा ताजा आहे." काही जण तोंड वाकडं करून शेजारच्या गावी जात. दत्ताराम त्यांना अडवत नसे. पण काही जण विचारत, "बंद म्हणजे?" मग तो जेवण वाढता वाढता सगळं सांगे, पेराच्या मापापासून. त्यांतली काही माणसं दरवर्षी येऊ लागली आणि येताना आधी फोन करून विचारू लागली, की सध्या काढायचे दिवस आहेत का.

शाळेचं मात्र सगळ्यांत चांगलं झालं. गुरुजींनी अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा एक दिवस पुळणीसाठी ठेवला. काकीला काठावर खुर्ची दिली. हलिमा पाण्याशी उभी. भोईवाडीची, मोहल्ल्याची आणि वरच्या आळीची पोरं एकत्र वाळूत वाकून भोकं शोधत, तिसरी काढून पेराला लावून पाहत आणि परत दाबत. तिथीची पाऊणपट ती गुरुजींच्या आधी सांगत. वरच्या आळीतली एक मुलगी घरी मासळी खात नव्हती, खाणारही नव्हती. तिसऱ्या मोजायची वही तिच्याकडे होती आणि तिच्या आकड्यांत चूक सापडत नसे. दत्तारामची नात पहिल्यांदा पुळणीवरून परतली, तेव्हा तिच्या हाताला तो जुना वास येत होता. तिनं आजोबांना विचारलं, "तुम्ही लहानपणी किती काढायचात?" दत्ताराम तिला म्हणाला, "फार थोडं शिकलो मी. तू पूर्ण शिकून ये आणि मला सांग."

पुळण पहिल्यासारखी एकदम भरली नाही. दोन वर्षांनी बारीक तिसऱ्या दिसू लागल्या, पुढच्या साली पेरभर. आता वाडीतल्या बाया हातानं काढतात, वाट्यानं विकतात आणि वाट्याला पूर्वीपेक्षा चांगला भाव मिळतो.

या गोष्टीचा बोध असा. शिंपल्याला नाक मुरडणारे आणि शिंपल्यावर तुटून पडणारे, एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे दिसतात. पण पुळणीकडे दोघांनीही पाहिलं नव्हतं. एकाला ताटातली वस्तू हलकी वाटली आणि दुसऱ्याला भारी वाटली, एवढाच फरक. हलिमाचा जावई आणि वहीवाली मुलगी तिसऱ्या खात नाहीत, तरी त्यांच्याकडून त्या अन्नाला आणि ते काढणाऱ्या हातांना मान मिळाला. काय खावं आणि काय खाऊ नये, हे ज्यानं त्यानं आपल्या धर्मानं, आवडीनं, प्रकृतीनं ठरवावं. दुसऱ्याच्या ताटाला हिणवण्याचा अधिकार मात्र त्यातून कोणालाही मिळत नाही. कारण गरिबाच्या अन्नाला हिणवलं, की ते अन्न राखण्याची त्याची विद्याही आपण हिणवून टाकतो. पुढे एखाद्या पिढीत ते अन्न मानाला चढतं, त्याला भाव येतो, फळ्यावर त्याचं नाव लागतं. विद्या तशी परत येत नाही. ती सांगणारं माणूस जिवंत असेपर्यंतच मिळते, आणि त्याच्याबरोबर चिखलात उतरणाऱ्यालाच मिळते. ज्यांच्या घरात, वाडीत, शेजारी असं माणूस अजून आहे, त्यांनी पुढच्या ओहोटीला त्याच्याबरोबर निघावं.